पुन्हा तोच ट्रक, पुन्हा तेच दुसरं जग

अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांचा, नवा सीझन आला की मी आशेनं पहिला भाग लावते आणि पाचव्या मिनिटाला तोच ट्रक येतो. नायक त्याखाली येऊन मेला, दुसऱ्या जगात जन्मला, डोळ्यांसमोर व्हिडिओ गेमसारखी चौकट उघडली: लेव्हल, स्किल, मॅजिक पॉवर. अरे, जादू म्हणजे काय आकड्यांचा तक्ता आहे का? जादूची भीती वाटायला हवी, तिची किंमत मोजावी लागायला हवी. इथे पहिल्याच दिवशी सगळं आयतं हातात! मग पुढचे ११ भाग मी कुणाच्या काळजीनं बघायचे?

इसेकाईशी, म्हणजे दुसऱ्या जगात जाऊन पडण्याच्या या गोष्टींशी, माझं वैर नाही. २००२ सालच्या 'द ट्वेल्व्ह किंगडम्स'मध्येही शाळकरी मुलगी दुसऱ्या जगात जाऊन पडते. पण ती उपाशी राहते, फसवली जाते, माणसांवरचा विश्वासच गमावून बसते आणि मग कुठे हळूहळू उभी राहते. ४५ भाग होते त्याला. आता १२ भागांत मूळ लाइट नॉव्हेलचे, म्हणजे तरुणांसाठीच्या जपानी कादंबरीमालिकेचे, सुरुवातीचे खंड कोंबायचे आणि गोष्ट रंगात आली की थांबायचं. दुसऱ्या सीझनचा पत्ता नाही. पुस्तकं खपवायची असतील तर खुशाल खपवा, पण आम्ही त्या पात्रांना जीव लावलेला असतो हो!