‘चावी’ चावण्यावरून आली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘चावी’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘चावे’ (chave, म्हणजे किल्ली) वरून आला, असं मी लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: “पोर्तुगीज ‘शाव्ह’ म्हणतात, ‘चाव’ नाही. किल्लीचे दात कुलपाला चावतात म्हणून चावी, हे शेंबडं पोरही सांगेल. पोर्तुगीज येण्याआधी आपली दारं उघडी होती काय? तुम्हा लोकांना सगळंच परक्यांच्या पदरात घालायची हौस. शब्दकोशांचं कौतुक सांगू नका.”

मतभेद असू देत, पण ‘तुम्हा लोकांना’ म्हणजे नक्की कोणाला? शब्दाचा उगम सांगितला म्हणून कोणी आपलं घर परक्याच्या नावावर करून देत नाही. चार ओळींच्या मजकुरात हेत्वारोप करायची गरज नव्हती. शेंबडं पोर तर मुळीच मध्ये आणायला नको होतं.

तरी उच्चाराचा मुद्दा घेतो, कारण तेवढाच मुद्द्याचा आहे. लिस्बनमध्ये आज ‘शाव्ह’ म्हणतात, हे तुमचं बरोबर. पण आपल्याकडे हा शब्द आजच्या लिस्बनमधून आलेला नाही. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, चौलला किल्ला बांधायला घेतला १५२१ मध्ये, वसई त्यांच्या ताब्यात गेली १५३४ मध्ये. त्या काळच्या पोर्तुगीजमध्ये इथे स्वच्छ ‘च’ होता. किल्लीच्या लॅटिन ‘क्लाविस’मधल्या ‘क्ल’चा तिथे ‘च’ झाला, तसाच पावसाच्या ‘प्लुविया’चा ‘चुवा’ आणि ज्वाळेच्या ‘फ्लामा’चा ‘चामा’. हा ‘च’ मऊ होऊन ‘श’ झाला तो पुढे. उत्तर पोर्तुगालच्या काही भागांत जुना ‘च’ अजून टिकून आहे. गोव्यात कोकणीत हॅटला ‘चेपें’ म्हणतात. लिस्बनमध्ये तीच आज ‘शापेउ’. शेवटच्या ‘ए’ची आपल्याकडे ‘ई’ होते: ‘पाद्रे’चा पाद्री, ‘मेस्त्रे’चा मेस्त्री. ही भाषा मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे, ऐकीव सांगत नाही.

आता तुमचं ‘चावणे’. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणा. ‘चावणे’तला च दंत्य आहे, ‘चमचा’, ‘चाळणी’तल्यासारखा. ‘चावी’तला तालव्य, ‘चिमटा’तल्यासारखा. अस्सल मराठी शब्दात ‘आ’च्या आधी असा तालव्य च सहसा येत नाही. ‘चार’ अपवाद वाटतो, पण जुन्या मराठीत तो ‘च्यारि’ होता. शिवाय क्रियापदावरून साधनाचं नाव करताना मराठी बहुतेकदा ‘णी’ लावते: चाळणी, किसणी, फुंकणी. त्या हिशेबाने ‘चावणी’ व्हायला हवी होती.

आणि दात कुलपाला चावतच नाहीत. लिव्हरच्या कुलपात चावीचा एकेक दात आपापली पट्टी ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतो. सगळ्या पट्ट्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की मगच कुलपाची जीभ सरकते. दात झिजला की पट्टी पुरती उचलली जात नाही आणि चावी अडते. तिथे तेल घालून काही उपयोग होत नाही. मुंबईत पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या हातातली चावी पाहा: लांब लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली व्हॉल्व्हच्या चौकोनी टोकावर बसणारी चौकोनी खोबण. तिला एकही दात नाही, तरी ती चावीच. पोर्तुगीजमध्येही नटबोल्टच्या पान्याला हाच शब्द आहे.

तमिळमध्ये चावण्याला ‘कडि’ म्हणतात आणि किल्लीला ‘सावी’. तिथे तुमची व्युत्पत्ती कशी लावणार?

उघड्या दारांचं म्हणाल, तर तसं मी कुठेही लिहिलेलं नाही. किल्ली होती, अडसर होता, कडी-कोयंडा होता. कुलूपसुद्धा होतं, तो शब्द अरबी ‘कुफ्ल’चा, फारसीतून आलेला. त्यावर तुमची हरकत दिसत नाही.

शब्दकोशांबद्दल तुमच्याशी वाद घालत बसणार नाही. गोव्याचे सेबास्तियांव डाल्गादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ मध्ये छापला, त्यात हा शब्द मराठी, कोकणी, गुजराती रूपांसह नोंदवलेला आहे. आधी ती नोंद वाचा. तिच्यात काही चूक सापडली तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. पण पुन्हा ‘तुम्हा लोकांना’ आलं, तर ती प्रतिक्रिया इथे ठेवणार नाही.