मॅडमच्या हातातील मोबाइलविषयी: नागपूरच्या धंतोलीतील आमच्या फिजिओथेरपी केंद्राचे उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण आमच्या केंद्राला एकच तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. वडिलांना घेऊन आपण भर उन्हात धंतोलीपर्यंत आलात, गाडी लावायला जागा मिळाली नाही आणि एवढे करूनही असमाधानाने परत गेलात, याबद्दल केंद्राचा संचालक म्हणून मी दिलगिरी व्यक्त करतो. पार्किंगचे रडगाणे धंतोलीतल्या प्रत्येक दवाखान्यापुढे आहे आणि त्यावर माझ्यापाशी उपाय नाही, हेही मोकळेपणाने सांगतो.

आपली मुख्य तक्रार अशी की, पाऊण तासाचे ६०० रुपये घेऊन शेवटची पंधरा मिनिटे काकाजींना, म्हणजे आपल्या वडिलांना, नुसते डोळे मिटून बसवले, कुलर बंद केला आणि ‘मॅडम पूर्ण वेळ मोबाइलमध्ये होत्या’. असले ध्यान बागेत फुकट करता येते, असेही आपण लिहिले आहे. पैशांबद्दलची नाराजी मी समजू शकतो, कारण लकव्याचा खर्च घराला किती जड जातो हे आम्ही रोज पाहतो. मोबाइलबद्दलचे वाक्य मात्र एका कष्टाळू थेरपिस्टच्या नावाला बट्टा लावणारे आहे आणि ते अनुत्तरित ठेवणे मला शक्य नाही.

मॅडमच्या मोबाइलवर त्या वेळी स्टॉपवॉच सुरू होते.

काकाजींच्या प्रकृतीचा तपशील मी येथे मांडणार नाही. अशा कोणत्याही रुग्णाबाबत आमची पद्धत काय असते, तेवढेच सांगतो. आधी अर्धा तास प्रत्यक्ष व्यायाम होतो. मग रुग्णाला टेबलापुढे बसवून समोर स्टीलचा पेला ठेवला जातो आणि डोळे मिटून, अशक्त हाताने तो पेला ओठांपर्यंत नेऊन परत ठेवण्याची कृती मनातल्या मनात करायला सांगितली जाते. यालाच मानसिक तालीम म्हणतात. ती टीव्हीवर पाहावी तशी दुरून पाहायची नसते. खांदा पुढे सरकताना काय जाणवते, बोटांना स्टीलचा गारवा कसा लागतो, पेला उचलताना मनगटावर भार कसा येतो, हे सारे आतून अनुभवायचे असते. सुरुवात करताना रुग्ण ‘हं’ म्हणतो आणि मनातला पेला टेबलावर टेकला की पुन्हा ‘हं’ म्हणतो. या दोहोंमधील वेळ मॅडम मोजतात आणि लगेच नोंदवतात.

ही मोजणी कशासाठी, हे आपण त्या दिवशी विचारले असते तर मॅडमनी आनंदाने सांगितले असते. डोळे मिटून बसलेला माणूस मनात हात उचलतो आहे की दुपारच्या जेवणाचा विचार करतो आहे, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. तथापि मनातल्या हालचालीला साधारणपणे प्रत्यक्ष हालचालीइतकाच वेळ लागतो. फ्रान्समधील देसेती, जानरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये चालण्याच्या प्रयोगातून हे दाखवून दिले. लकव्याने हात मंदावला असेल तर मनातही तो हात बहुधा मंदच चालतो. त्यामुळे चांगल्या हाताला ज्या कामासाठी चार सेकंद लागतात, ते अशक्त हाताने मनात एका सेकंदात उरकले, तर रुग्णाने मधले टप्पे गाळले असे समजून पुन्हा समजावून सांगावे लागते. मेंदूच्या ‘पॅरायटल’ (वरच्या-मागच्या) भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना तर हा ताळमेळ राखताच येत नाही आणि त्यांच्यावर ही पद्धत लादण्यात अर्थ नसतो. म्हणजे रुग्णाचे पैसे वाया जाऊ नयेत यासाठीच ती मोजणी होती.

कुलर बंद करण्याचे कारणही हेच. नागपुरी कुलरच्या घरघरीत तो बारीक ‘हं’ ऐकू येत नाही. मध्येच दार उघडून आपण ‘झालं का?’ असे विचारलेत आणि नंतर खोलीतच स्पीकरवर फोनवर बोललात, तेव्हा मोजणी नव्याने सुरू करावी लागली. वडिलांच्या काळजीपोटी माणूस अधीर होतो, हे मी जाणतो. परंतु लांबलेल्या वेळेचा दोष सर्वस्वी मॅडमवर टाकणे न्याय्य नव्हे.

‘यात काही तथ्य आहे का’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर मी फुगवून देणार नाही. नुसत्या मानसिक तालमीने हात सुधारतो, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये १२१ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रत्यक्ष सरावाची जोड नसलेल्या तालमीचा फायदा आढळला नाही. याउलट वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित मूल्यमापन करणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २५ अभ्यास आणि ६७६ रुग्ण विचारात घेतले होते. नेहमीच्या उपचारांसोबत ही तालीम दिली असता हाताचे कार्य बहुधा अधिक सुधारते, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणूनच आमच्याकडे व्यायाम आधी आणि तालीम नंतर. अर्ध्या तासाने हात थकतो, मेंदूला मात्र आणखी काही आवर्तने करता येतात. ती पंधरा मिनिटे आम्ही त्यासाठी वापरतो. त्याहून जास्त वेळ आम्ही मुद्दाम घेत नाही, कारण मन भरकटू लागते.

बागेत फुकट करण्याबद्दल म्हणाल, तर घरी फुकटच करावे अशीच आमची इच्छा आहे. त्यासाठी मराठीत ध्वनिमुद्रित केलेल्या सूचना आपल्या व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या. त्या अजून ऐकलेल्या दिसत नाहीत.

आपल्या तक्रारीनंतर मॅडमना गळ्यात अडकवायचे साधे स्टॉपवॉच आणून दिले आहे. नातेवाइकांना पद्धत आधी समजावून सांगण्याची व्यवस्था लवकरच करू आणि खोलीतील उकाड्याबाबतही काहीतरी मार्ग काढू. काकाजींची उरलेली सत्रे आपण केव्हाही घेऊ शकता. पैसेच परत हवे असतील तर पावती घेऊन या, हिशेब त्याच दिवशी होईल. फक्त त्या वेळी मॅडमच्या वहीतील काकाजींच्या नोंदीही सोबत घेऊन जा, म्हणजे पुढच्या थेरपिस्टला पहिल्यापासून मोजत बसावे लागणार नाही.

आपला,
संचालक