‘गेममध्ये रंग कोण बघतंय?’ म्हणणाऱ्या रीलला उत्तर

एक रील सध्या कोल्हापुरातल्या पोरांच्या ग्रुपवर जोरात फिरतंय. त्यातला गडी सांगतो की फायटिंग गेममध्ये वंशबिंश काही नसतं, कॅरेक्टरचा रंग म्हणजे नुसता पेंट. ‘स्ट्रीट फायटर’ गेममधला भारतीय योगी धाल्सिम हा जगानं भारताला दिलेला मान आहे. पूर्वी गेममध्ये असलं राजकारण नव्हतं. आणि ऑनलाइन शिव्या सोसत नसतील तर घरात लुडो खेळा. वर तालमीचा दाखला: ‘लाल मातीत कोण जात विचारतं?’

मी सोडून दिलं असतं. पण नववीतल्या माझ्या भाच्यानं ते मलाच पाठवलं, खाली ‘मामा, बरोबर आहे की हे’. याच पोराला टेकन हा फायटिंग गेम ऑनलाइन खेळताना उच्चार ऐकून समोरच्यानं हेडफोनवर करीवरून, कातडीवरून घाणेरडं बोलून घेतलं होतं. तो मुकाट खेळत राहिला. आता रील त्याला सांगतंय की दोष त्याचाच, तो नाजूक आहे.

आधी धाल्सिमचा मान बघू. १९९१ साली कॅपकॉम या जपानी कंपनीचा स्ट्रीट फायटर २ आला. निवडायला आठ जण: जपानचे दोन, अमेरिकेचे दोन, बाकी चीन, ब्राझील, सोव्हिएत रशिया आणि भारताचा एकेक. अमेरिकेला मिळाले केन आणि गाइल, एक देखणा कराटेवाला, दुसरा फौजी. आपल्याला काय मिळालं? गळ्यात कवट्या, कमरेला फाटकं धडुतं, तोंडातून जाळ आणि ताणले जाणारे हातपाय. मागं हत्ती उभे. जाळ टाकतानाही हा बाबा ‘योगा’ म्हणून ओरडणार! योगाचा जगात डंका म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी सांगावं, तुमच्या क्लासात कोण तोंडातून जाळ काढतं? मान वगैरे काही नाही. व्हिडिओ गेम पार्लरच्या दिवसांत गल्लीतल्या काळ्या, किडकिडीत पोराला ‘ए धाल्सिम’ अशी हाक पडायची, ती काय मान द्यायला?

सोंग सगळ्यांचंच केलं होतं, हे कबूल. झँगीफ हा अस्वलांशी कुस्ती खेळणारा रशियन, ब्लँका तर हिरवा प्राणीच. आणि धाल्सिम खेळायला भारी आहे, लांबूनच समोरच्याला जेरीला आणतो, मीही घेतो. पण जपानचा सुमो पैलवान होंडा हास्यास्पद वाटला तर शेजारी कराटेवाला नायक रियू उभा असतो. धाल्सिमशेजारी आपला दुसरा कुणी नव्हता.

आता ‘नुसता पेंट’. यात अर्धं खरं आहे. ठोसा किती फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या किती चित्रांत, लागतो हे कातडीवर ठरत नाही. टेकन ७ मध्ये लिरॉय स्मिथ हा विंग चुन ही चिनी युद्धकला खेळणारा काळा गडी आला आणि जानेवारी २०२० च्या एव्हो जपान या फायटिंग गेमच्या स्पर्धेत शेवटच्या आठांतल्या बहुतेकांनी तोच घेतला, कारण तो समोरच्याला फार जड जात होता. ठीक. पण पॅड धरणारं डोकं फ्रेम मोजून थांबत नाही. २०१४ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचे ब्रॅड बुशमन आणि सहकाऱ्यांनी गोऱ्या विद्यार्थ्यांना हाणामारीचे गेम खेळायला दिले, काहींना काळं पात्र, काहींना गोरं. काळं पात्र घेऊन मारामारी केलेल्यांची काळ्या लोकांबद्दलची मतं जास्त वाईट निघाली. दुसऱ्या प्रयोगात, तिखट आवडत नाही असं सांगितलेल्या जोडीदाराला खायला किती तिखट सॉस द्यायचा हे त्यांनी ठरवायचं होतं. काळं पात्र खेळलेल्यांनी जास्त ओतला. (आपल्याकडे ही शिक्षा धरणार नाहीत, पण तो भाग वेगळा.) गेम तोच, बदलला फक्त रंग. नुसता पेंट असता तर फरक पडायचं कारणच नव्हतं.

तालमीचा दाखला तर कहरच. शाहू महाराजांच्या गावात बसून हे बोलायचं? महाराज ‘गुण बघा, जात कोण बघतंय’ म्हणून गप्प बसले नाहीत. १९०२ साली त्यांनी मागासवर्गीयांसाठी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा राखून ठेवल्या. दलित असलेल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात कुणी चहा घेईना, तर स्वतः जाऊन घेतला. चहात काहीच खोट नव्हती, तरी गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. गेमचंही तेच: फ्रेम सगळ्यांना सारख्या, तरी डोकं रंग बघतंच.

‘पूर्वी राजकारण नव्हतं’ याला फार वेळ द्यायला नको. स्ट्रीट फायटरमधल्या काळ्या बॉक्सरचं जपानी नाव एम. बायसन, माइक टायसनच्या इतकं जवळचं की खटल्याच्या भीतीनं कंपनीनं परदेशी आवृत्तीत तिघांची नावं आपसांत फिरवली. त्यातलाच बर्डी १९८७ च्या पहिल्या गेममध्ये गोरा होता, १९९५ च्या स्ट्रीट फायटर अल्फामध्ये काळा झाला, आणि खुलासा काय, तर तेव्हा आजारी होतो म्हणून फिका दिसलो! आणि आपल्याकडे पार्लरमधल्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ या गेमला कुणी त्या नावानं ओळखलं? पोरांनी त्यातल्या काळ्या गड्यावरून ‘मुस्तफा’च केलं. नायक जॅक राहिला बाजूला.

राहिला लुडो. लाहोरचा टेकन खेळाडू अर्सलान अ‍ॅश २०१९ मध्ये व्हिसाच्या भानगडीतून कसाबसा एव्हो जपानला पोचला आणि जिंकला. त्याच वर्षी लास वेगासची एव्होही मारली. तोवर पाकिस्तानात टेकनचे इतके तगडे खेळाडू आहेत याचा बाहेर फारसा कुणाला पत्ता नव्हता. तो काही नाजूक नव्हता, तरी त्याला आधी व्हिसाशीच झुंजावं लागलं. आणि माइकवर कातडीवरून बोलणाऱ्याला म्यूट करून रिपोर्ट टाकायला दहा सेकंद लागतात. भाच्याला तेवढं करून दाखवलं. रील बनवणाऱ्यानं त्याऐवजी त्यालाच घरी बसवलं असतं.