बेडकाची बडदास्त

न्यू जर्सीच्या थंडीत आमच्या घराचा थर्मोस्टॅट रात्री १८ अंशांवर येतो. म्हणजे मीच आणतो, बिल मी भरतो. बायको दोन स्वेटर घालून झोपते आणि सकाळी त्याबद्दल सविस्तर बोलते. पण हॉलमध्ये एक जीव आहे, त्याला १८ चालत नाहीत. त्याला २५ लागतात. तो अंगठ्याच्या पेराएवढा आहे आणि त्याचं नाव बंड्या.

बंड्या म्हणजे लेकीने वाढदिवसाला हट्टाने मिळवलेला आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग. मूळ गाव मध्य आफ्रिका. सगळा जन्म पाण्यात, पण श्वास फुप्फुसांनी. म्हणून मधूनच बाणासारखा वर येतो, घोटभर हवा घेतो आणि गॅस चालू राहिल्याचं आठवावं तसा तडक खाली जातो. पाणी गार पडलं की याला पचत नाही, आजार धरतात. हे दुकानदाराने पैसे घेतल्यावर सांगितलं.

५० वॅटचा हीटर आणला. दहा गॅलनची टाकी, गॅलनला पाच वॅट, हिशोब सोपा. पण माझं बालपण साताऱ्यात पाणी तापवायच्या रॉडच्या दहशतीत गेलेलं. आईचे कायदे होते: बटण बंद केल्याशिवाय बादलीत बोट घालायचं नाही, रॉड बुडाल्याशिवाय बटण लावायचं नाही, ओल्या हाताने प्लगकडे बघायचंसुद्धा नाही. आणि आता मी पाण्यात वीज सोडून तिथे एकाला कायमचा राहायला ठेवणार होतो!

हीटरचं माहितीपत्रक उघडलं, तर आतून आईच बोलायला लागली. पाणी बदलायच्या आधी प्लग काढा, हीटर निवू द्या. तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली तर तडकते. वायरीला प्लगच्या खाली झोळ सोडा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल, प्लगात जाणार नाही. (हे एक मात्र आईला सुचलं नव्हतं.) शिवाय बेडूक उबेसाठी हीटरला बिलगतो आणि भाजून घेतो, म्हणून वरून प्लॅस्टिकची जाळी. आमच्या हीटरने २५ चा आकडा दाखवत पाणी २८ ला नेलं, तेव्हापासून थर्मामीटर वेगळा, तोही टाकीच्या दुसऱ्या टोकाला.

पाणी एकदम तापवायचं नव्हतं, म्हणून रोज थोडं थोडं वाढवत होतो. झालं! जो येई तो डोळा मारून विचारी, "हळूहळू तापवलं तर बेडकाला कळत नाही म्हणे?" वैतागून वाचायला बसलो. १८६९ साली गोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हा प्रयोग केला होता. स्वस्थ बसून राहिला तो मेंदू काढलेला बेडूक. मेंदू शाबूत असलेल्याने सुटायची धडपड सुरू केली, नेमकी २५ अंशांना. माझाच आकडा! रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन हॉलमध्ये. बंड्या जाळीला टेकून, पाय पसरून, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा पडला होता. गोल्ट्झचे बेडूक थंड मुलखातले असणार, अशी समजूत घालून झोपलो.

जानेवारीत बर्फाच्या वादळात चार तास वीज गेली. थर्मामीटर २३ वर आला तशी लेक रडायला लागली. घरात सगळ्यात उबदार वस्तू एकच, आईने जुन्या लुगड्यांची शिवून पाठवलेली गोधडी. ती टाकीभोवती गुंडाळली, हवेला वरची बाजू मोकळी ठेवली. बायको तिसरा स्वेटर शोधत होती.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. मी फोन फिरवायच्या आत लेकीने दाखवलंच, "आजी, बघ, बंड्याला थंडी वाजत होती."

आई बराच वेळ बघत राहिली. मी बोलणी खायला तयार होतो.

"उलटी गुंडाळलीयेस," ती म्हणाली. "मऊ बाजू आत घे."