गाणं संपेपर्यंत

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इंटरस्टेलर' हा अंतराळप्रवासाचा सिनेमा भारतात पुन्हा मोठ्या पडद्यावर लागला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुनं भांडण नव्याने पेटलं. दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, सिनेमा पाहून आल्या आल्या पुराणातल्या ककुद्मी राजाची गोष्ट टाकली. "काळ सगळीकडे सारख्या वेगाने जात नाही, हे आइनस्टाईनच्या कितीतरी आधी आपल्याकडे होतंच." कोल्हापुरात फिजिक्स शिकवणारी आतेबहीण लगेच उठली. "समीकरण दाखव. जीपीएसच्या उपग्रहातलं घड्याळ दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, ते तुझ्या राजावरून काढून दाखव!" मग खगोलशास्त्रज्ञ नारळीकर मधे ओढले गेले, ते दोन्ही बाजूंनी. शेवटी आत्याने शुभरात्रीचं फूल टाकलं.

हे मी वाचत होतो जर्मनीतल्या उल्ममध्ये. आइनस्टाईनचा जन्म इथलाच, १८७९ चा. ते घर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं, आता स्टेशनच्या रस्त्यावर स्मारक आहे. तो सव्वा वर्षाचा असतानाच घरच्यांनी म्युनिकला बिऱ्हाड हलवलं, तरी 'आमचाच तो' हा गावाचा हक्क काही सुटत नाही. त्यामुळे दादाला मी फार हसत नाही.

विज्ञानापुरता मी आतेबहिणीच्या बाजूचा. पुराणात काळ लांबतो तो ब्रह्मलोकाच्या महतीने. सिनेमात तो कृष्णविवराच्या ओढीने लांबतो, आणि त्यामागे भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांचं गणित आहे. दोन्ही एकच म्हणणं म्हणजे दोघांवरही अन्याय. पण तिने 'भाकडकथा' म्हणून विषय झटकला, ते मला रुचलं नाही. दोघांनीही गोष्ट शेवटपर्यंत वाचलेली दिसत नव्हती.

भागवताच्या नवव्या स्कंधात ती आहे. ककुद्मी मुलगी रेवतीला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो, स्थळ विचारायला. तिथे गंधर्वांचं गाणं चालू असतं, म्हणून राजा क्षणभर थांबतो. गाणं संपल्यावर विचारतो, तर ब्रह्मदेव हसतात. तू मनात धरलेली स्थळं केव्हाच गेली, त्यांच्या नातवा-पणतवांची नावंही आता कानी येत नाहीत. खाली सत्तावीस चतुर्युगं उलटलेली. बलरामाशी लग्न होतं, ते ठीक (विष्णुपुराणात तर रेवती फार उंच म्हणून बलराम तिला नांगराच्या टोकाने बुटकी करतो!). पण राजा परततो तेव्हा त्याची नगरी ओस असते, भाऊबंद पांगलेले. मुलीला उजवून तो बदरीच्या आश्रमात तप करायला निघून जातो. ग्रुपवरच्या वादात या माणसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

सिनेमातला अंतराळवीर कूपर मुलांना मागे ठेवून निघतो आणि कृष्णविवराजवळच्या पाण्याच्या ग्रहावर उतरतो, जिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. यानात परततो तोवर तेवीस वर्षं गेलेली. मग तो साठलेले निरोप पाहत बसतो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, आजोबा गेल्याचं सांगतो. रुसलेली मुलगी अखेर पडद्यावर येते ती, तो निघाला तेव्हा त्याचं जे वय होतं, त्या वयाची होऊन. निरोप येतात, पण त्याचं उत्तर तिकडे पोचत नाही. पुढचं ते पुस्तकांच्या फडताळामागचं पाचव्या मितीचं प्रकरण मला ओढूनताणून वाटतं, आणि प्रेम मितींच्या पलीकडे जातं हे भाषण तर त्याहून. अध्यात्म म्हणायचंच तर ते त्या निरोपांपाशी आहे. जाणाऱ्याचा तास आणि वाट पाहणाऱ्याची सात वर्षं.

मीही दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर आलो होतो. अकरा झाली. इथे काळ गेल्यासारखा वाटतच नाही, कामाचा एक टप्पा संपला की दुसरा. तिकडे सुट्टीत गेलं की प्रत्येक वेळी गल्लीतलं एखादं दार बंद झालेलं असतं.

आम्ही मिरजेचे, त्यामुळे राजा का थांबला ते मला कळतं. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. लहानपणी तिथे मी चुळबुळ केली की बाबा मनगट धरून ठेवायचे. गाणं चालू असताना उठायचं नाही. एका उरुसात मी इथून फोन केला तो नेमका त्याच वेळी. "थांब रे, एवढं होऊ दे," असं कुजबुजून त्यांनी फोन गाणाऱ्याच्या दिशेला धरला. तानपुऱ्यापेक्षा खोकलेच जास्त ऐकू येत होते. मी ट्रामच्या थांब्यावर उभा होतो. दोन ट्राम गेल्या.