परदेशातून : डॉक्टरची सही आणि बाईचा शब्द

‘आपण काय आफ्रिका आहोत का?’ गर्भपाताच्या कायद्यावर मराठी मंडळींची चर्चा रंगली की हे वाक्य येतंच. पाठोपाठ दुसरं येतं : मागेल तिला गर्भपात दिला तर मुली पोटातच मारल्या जातील. जोहान्सबर्गमध्ये राहून ही वाक्यं वाचताना चीड येते, कारण बोलणाऱ्याने इथला कायदा उघडूनही पाहिलेला नसतो.

दक्षिण आफ्रिकेचा कायदा १९९६ चा, लागू झाला १ फेब्रुवारी १९९७ पासून. १२ आठवड्यांपर्यंत बाईने मागितलं की पुरे. कारण सांगावं लागत नाही, नवऱ्याची सही लागत नाही. अठराच्या आतल्या मुलीला घरच्यांशी बोलायचा सल्ला देतात, पण ती बोलली नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही. १३ ते २० आठवड्यांत डॉक्टरचं मत लागतं आणि त्यात गरिबी हेही कारण धरलं जातं. पहिल्या १२ आठवड्यांतलं काम प्रशिक्षित सुईण करू शकते, २००८ च्या दुरुस्तीपासून प्रशिक्षित नर्सही.

आपला कायदा १९७१ चा, म्हणजे याच्या पाव शतक आधीचा. त्याचा मला अभिमान आहे. २०२१ मध्ये काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत गेली, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तोच हक्क दिला. तरीही सहाव्या आठवड्यातसुद्धा निर्णय कागदोपत्री डॉक्टरचाच असतो. बाई फक्त संमती देते. नर्सना हे काम द्यावं असा प्रस्ताव २०१४ च्या मसुद्यात होता, २०२१ च्या कायद्यात तो उरला नाही.

आता मुलींचा मुद्दा. सोनोग्राफीत लिंग खात्रीने कळायला साधारण तेरावा-चौदावा आठवडा उजाडतो. म्हणजे १२ आठवड्यांपर्यंतचा हक्क त्याच्या आधीच संपतो. रक्ततपासणीने आता त्याआधीही कळू शकतं, पण लिंग सांगणं हा आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे. पकडायचं तर सांगणाऱ्याला पकडा. बीड जिल्ह्यातल्या परळीत मुलींचे गर्भ पाडणारं रुग्णालय २०१२ मध्ये उघडकीला आलं, त्यानंतर महाराष्ट्रात धाक बसला तो मात्र औषधविक्रेत्यांवर. गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच अनेकांनी बंद केलं. त्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच्या. त्यांचा लिंगनिवडीशी काय संबंध?

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. इथल्या ग्वाटेंग प्रांतात टॅक्सी थांब्यांजवळच्या प्रत्येक खांबावर ‘त्याच दिवशी, वेदनेविना’ अशा जाहिराती आणि फोन नंबर चिकटवलेले असतात. सरकारी दवाखान्यात सेवा फुकट असताना बाई त्या नंबरवर का जाते? सिस्टर धर्माचं कारण सांगून नकार देते, किंवा रांगेत सगळ्यांसमोर बोलते. दहाव्या आठवड्यात गेलेल्या बाईला दोन-तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळते. तोवर बारावा आठवडा उलटतो, मग डॉक्टर लागतो, आणि १३ आठवड्यांपुढचं काम करणारी रुग्णालयं मोजकीच.

योग्य पद्धत अवघड नाही. शेवटच्या पाळीची तारीख आणि तपासणी यांवरून आठवडे ठरवायचे, गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत तर नाही ना याची शंका फेडायची. मग मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टोल ८०० मायक्रोग्रॅम. लागोपाठ दोन तास, तासाला दोन पॅड पूर्ण भिजले तर थेट रुग्णालय. खांबावरचा विक्रेता आठवडे विचारत नाही, बहुतेकदा दोनांपैकी नुसती मिसोप्रोस्टोलच देतो, तीही खरी असेलच असं नाही. गर्भ अर्धवट राहतो, जंतुसंसर्ग होतो. नळीतल्या गर्भावर तर या गोळ्या चालतच नाहीत. नळी फुटली तर जीव जातो.

तरी कायद्याने काय साधलं ते मोठं आहे. १९९४ च्या पाहणीनुसार वर्षाला सुमारे ४५ हजार स्त्रिया अर्धवट राहिलेल्या गर्भपातामुळे सरकारी रुग्णालयांत येत आणि ४०० हून अधिक मरत. कायद्यानंतर काही वर्षांतच हे मृत्यू ९१ टक्क्यांनी घटले. आणि हे लोकमताच्या जोरावर झालं नाही. १९९६ मध्ये सत्ताधारी पक्षाने आपल्या खासदारांना विवेकानुसार मतदान करू दिलं नाही. गरिबीमुळे केलेला गर्भपात चूक मानणारे इथे आजही पुष्कळ आहेत. पण सेवा नाकारली जाऊ नये असं मानणारे त्यांच्यातही भेटतात, आणि बदल असाच सरकत येतो.

इथे कुणी भारताला मागास म्हटलं की मी १९७१ पुढे करते, १८६३ चं फुले दांपत्याचं पुण्यातलं बालहत्या प्रतिबंधक गृह सांगते. तिकडे कुणी आफ्रिकेला हसलं की १९९६ सांगते. दोन्ही देश माझे असल्यासारखी भांडते. खरं तर इथे मला मत नाही, आणि तिथल्या मतदानाला मी नसते.

तरीही मागणी करते. १२ आठवड्यांपर्यंत बाईचा शब्द पुरेसा माना. ग्रामीण रुग्णालयातल्या नर्सना हे काम शिकवा. आणि इथल्या अनुभवावरून एक कलम सुरुवातीलाच घाला : नकार देणाऱ्याने त्याच दिवशी दुसरी व्यक्ती गाठून द्यायची, आणि ती कोण हे दवाखान्याच्या फलकावर लिहिलेलं असायचं.