पुरुषांनो, डोळ्यांखाली फिलर भरून घेण्याआधी

मी पुण्यात त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. "मॅडम, डोळ्यांखालच्या फिलरला किती लागतील?" असं विचारत येणारे पुरुष आता माझ्या ओपीडीत नेहमीचे झालेत. फिलर म्हणजे खोलगट जागा भरायला त्वचेखाली इंजेक्शनने सोडायचा जेल, बहुतेक वेळा हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा. तिशीतला आयटीवाला असतो, चाळिशी ओलांडलेला सेल्समधला माणूस असतो, तुळशीची लग्नं लागली की नवरदेव सुरू होतात. बहुतेकांना देखणं दिसायची हौस नसते. "झोप झाली नाही का?", "बरं नाही का?" हे ऐकून ऐकून ते कंटाळलेले असतात. पुरुषाला ही थेरं कशाला, असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. चेहरा त्याचा आहे, रोज आरशात त्यालाच बघायचाय. पण दर आधी ठरतो, अपॉइंटमेंट पक्की होते, आणि ही गोष्ट आपल्याला लागू आहे का, हे शेवटपर्यंत कुणी बोलतच नाही. हे मला मनापासून खटकतं.

डोळ्यांखालचं काळं एकाच जातीचं नसतं. एक असतो खोलगटपणा. नाकाजवळच्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरकी उतरणारी खाच, तिला आम्ही टिअर ट्रफ म्हणतो. वरून प्रकाश पडला की त्या खाचेत सावली पडते आणि लोकांना ते काळं वर्तुळ वाटतं. दुसरा असतो खरोखरचा रंग, म्हणजे त्वचेतलं मेलॅनिन. आपल्या भारतीय त्वचेत हा भाग मोठा असतो, आणि बऱ्याच घरांत तो वडिलांकडून मुलाकडे आलेला असतो. तिसरी निळसर-जांभळी छटा, पातळ त्वचेतून खालच्या रक्तवाहिन्या दिसतात तशी. आणि चौथ्या म्हणजे पिशव्या, डोळ्याच्या खोबणीतली चरबी पुढे सरकून आलेला फुगवटा. पुष्कळांच्यात यातलं दोन-तीन एकत्र असतं.

फिलर यातल्या फक्त पहिल्यावर चालतो. तो खड्डा भरतो, रंग काढत नाही.

घरी थोडाफार अंदाज घेता येतो. दिवसा खिडकीकडे तोंड करून आरसा धरा आणि हनुवटी हळूहळू वर न्या, म्हणजे प्रकाश खाचेत शिरेल. काळेपणा पटकन कमी झाला तर ती सावली होती. तसाच राहिला तर तो रंग आहे. मान सरळ ठेवून फक्त नजर वर नेल्यावर फुगवटा आणखी उठून दिसत असेल तर पिशव्या आहेत. रंग असलेल्या माणसाला फिलर देऊन पैशांपलीकडे त्याचं फार नुकसान होणार नाही, असं वाटेल, पण तसं नाही. खालच्या पापणीची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचेपैकी. तिथे हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा जेल जरा वरच्या थरात राहिला की त्यातून निळसर छटा दिसायला लागते, टिंडाल इफेक्ट म्हणतात तिला. म्हणजे काळं घालवायला गेलेला माणूस निळं घेऊन येतो. पिशव्या असणाऱ्यांचं तर आणखी वाईट. हा जेल पाणी धरून ठेवतो, त्यामुळे आधीच सुजकट दिसणारा डोळा सकाळी उठल्यावर आणखी सुजकट दिसतो.

पुरुषांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुरुषाचा गाल बाईच्या गालापेक्षा सपाट असतो, हाडांची ठेवण रुंद, त्वचा जाड. खाच पूर्ण बुजवून वर गालाला गोलाई दिली की चेहरा तरुण दिसत नाही, परका दिसतो. घरच्यांना नेमकं काय बदललंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी बदललंय हे कळतं. म्हणून पुरुषांमध्ये खाच थोडी शिल्लक ठेवायची असते. जो डॉक्टर "एकदम प्लेन करून देतो" म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैशांचं. पुण्या-मुंबईत एक एमएलची सिरिंज कंपनी आणि डॉक्टरच्या अनुभवाप्रमाणे साधारण २० ते ४० हजारांत पडते. दोन्ही डोळ्यांना मिळून बहुधा एक एमएल पुरतो, खाच खोल असेल किंवा गालाला आधार द्यावा लागणार असेल तर दुसरी सिरिंज लागते. सौंदर्यासाठी केलेल्या उपचाराला आजारावरच्या उपचारासारखी जीएसटीची सूट नाही, त्यावर १८ टक्के लागतो. ३५ हजार सांगितले तर बिल ४१,३०० चं होतं. मेडिक्लेम यातला एक रुपया देत नाही. जाहिरातीतला "फक्त इतक्यापासून सुरू" हा आकडा अनेकदा अर्ध्या सिरिंजचा असतो, तेव्हा किती एमएल आणि कोणत्या कंपनीचा, हे आधी लिहून मागा. सिरिंज तुमच्यासमोर उघडली पाहिजे आणि खोक्यातलं बॅच नंबरचं स्टिकर तुमच्या फाइलवर लागलं पाहिजे. एकाची उरलेली सिरिंज दुसऱ्याला वापरणं हा गुन्हाच समजा.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती वार्षिक पॅकेजची. "दरवर्षी टॉप-अप, पाच वर्षांचं आत्ताच बुक करा, ईएमआय आहे." डोळ्यांखाली हालचाल कमी, त्यामुळे तिथला फिलर ओठातल्यापेक्षा जास्त टिकतो. एक वर्ष सांगितलेला जेल त्यानंतर कित्येक महिने, कधी काही वर्षंही एमआरआयमध्ये दिसल्याच्या नोंदी आहेत. आधीचा विरघळलेला नसताना वर दर वर्षी भरत राहिलं की तो साचतो, आणि मग तो सुजकट, जड चेहरा तयार होतो. पाच वर्षांच्या पॅकेजचे दोन लाखांवर जातात ते वेगळंच. ज्याला पिशव्याच आहेत त्याने त्याच पैशांत प्लास्टिक सर्जनकडे जाऊन खालच्या पापणीच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा, ती एकदाच करायची असते आणि तिचा उपयोग होतो.

धोक्याबद्दल क्लिनिकमध्ये फार हळू आवाजात बोलतात, म्हणून मी इथे मोठ्याने सांगते. या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त देणाऱ्या वाहिन्यांशी जोडलेल्या असतात. जेल चुकून रक्तवाहिनीत गेला तर त्वचा मरू शकते, आणि क्वचित, पण खरंच, दृष्टी जाते. इंजेक्शननंतर तीव्र कळ, त्वचा पांढरी पडणं किंवा जाळीसारखे डाग, धूसर दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी डॉक्टर हवा, उद्या सकाळी नाही. हा जेल विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं औषध क्लिनिकमध्ये तयार आहे का, हे विचारायला संकोच करू नका. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का तेही बघा. पार्लरमध्ये तर कुठल्याही सवलतीत हे करून घेऊ नका.

आणि वय. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएने डोळ्यांखालच्या खाचेसाठी पहिल्या फिलरला मान्यता दिली ती जानेवारी २०२२ मध्ये, २१ वर्षांवरच्या लोकांसाठी. माझ्याकडे कॉलेजातली पोरं येतात. त्यांना मी नाहीच म्हणते.

बऱ्याच जणांना खरं तर वेगळीच तपासणी लागते. धुळीच्या अ‍ॅलर्जीने सतत डोळे चोळणाऱ्याचा रंग अ‍ॅलर्जी आटोक्यात आल्याशिवाय हलत नाही. रात्री जोरात घोरून सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी उठणाऱ्याने आधी झोपेची तपासणी करावी. एखादा फिकुटलेला दिसला की मी हिमोग्लोबिन करायला लावते, कारण पुरुषात ते कमी असेल तर रक्त कुठून तरी जातंय का, हे शोधावंच लागतं. वजन कमी करायच्या इंजेक्शनांनी झपाट्याने वजन उतरवलेल्यांनी वजन स्थिर होईपर्यंत थांबावं.

एवढं सगळं होऊन ज्याची खाच खरी आहे, त्वचा घट्ट आहे, पिशव्या नाहीत, त्याने खुशाल करून घ्यावं. चांगल्या हातांनी, कमी प्रमाणात केलेलं काम फार सुंदर दिसतं आणि त्या माणसाच्या वागण्यात फरक पडलेला मी बघितलाय. लग्न असेल तर निदान महिनाभर आधी करा, कारण सूज आणि काळंनिळं उतरायला दोन आठवडे जाऊ शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्या स्वतःहून बंद करू नका.

कृपया इनबॉक्समध्ये फोटो पाठवून "मला लागेल का?" विचारू नका. दिवा कुठे आहे यावर फोटोतली खाच बदलते, त्यावरून सांगणं चुकीचं होईल. जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाला दिवसाउजेडी दाखवा, आणि जाताना मागच्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट सोबत न्या.